खांबावरचा माणूस आणि कॉम्प्युटरमधली यादी

रिटायर झालं की लोकांकडे कागदपत्रं साठतात, माझ्याकडे किस्से साठले. कुणाच्या लग्नात पंगतीला उशीर झाला की कोणीतरी म्हणतंच, "गायकवाडबाई, तुमच्या त्या वीज सोसायटीचं सांगा ना." मग मी एक सांगते, त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो आणि पंगत बसेपर्यंत माझं तोंड काही बंद होत नाही. लोक हसतात, मीही हसते. पण खरं सांगू का, यातलं बरंचसं घडत होतं तेव्हा मला मुळीच हसू येत नव्हतं.

सोसायटी बदलापूरच्या पुढे, वांगणीच्या अलीकडे. वरून एकगठ्ठा वीज घ्यायची आणि आसपासच्या गावांना, वाड्यांना, भातगिरण्यांना वाटायची. ज्याच्या घरी मीटर तो सभासद आणि सभासद म्हणजे मालक. त्यामुळे नोकर आम्ही वीसेक जण आणि मालक गावंच्या गावं! रस्त्यात भेटलेला कोणीही माणूस मला काम सांगू शकायचा आणि सांगायचाही.

एकूण लाईनी नऊ. प्रत्येक लाईनीला तिच्यावरच्या मोठ्या गावाचं नाव आणि एक नंबर. तेच नंबर सबस्टेशनातल्या स्विचांवर रंगवलेले. लाईनीवर काम निघालं की मी कॉम्प्युटरमधली यादी बघून नंबराची चिठ्ठी छापायची, सबस्टेशनला फोन करायचा, ते तो स्विच पाडायचे आणि मग आमचा माणूस खांबावर चढायचा. यादी चुकली की माणूस गेला. एवढं एकच वाक्य लक्षात ठेवून पुढचं ऐका. तो माणूस म्हणजे बहुतेक वेळा बाळारामदादा, आमचा सगळ्यात जुना लाईनमन.

*

कॉम्प्युटर आला नव्वदीच्या सुरुवातीला. उल्हासनगरच्या आसनदासशेठनी तो जोडून दिला. आधी ते आम्हाला स्टॅबिलायझर विकायचे. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, इसमें पासवर्ड डालना. और साईं, किसीको बताना नहीं."

मी मॅनेजर कर्णिकसाहेबांना विचारलं. कर्णिकसाहेब अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त होऊन आलेले, शर्टाची वरची गुंडीसुद्धा नियमाने लावणारे. ते म्हणाले, पासवर्ड ही संस्थेची मालमत्ता आहे, तो आपण दोघांनी परस्पर कसा ठरवायचा? संचालक मंडळापुढे विषय ठेवू.

ठेवला. दोन तास चर्चा झाली. एकाला संस्थापकांचं नाव हवं होतं, एकाला स्वतःच्या वडिलांचं. शेवटी गावदेवीच्या नावावर सगळ्यांचं एकमत झालं. सूचक झाले, अनुमोदक झाले, ठराव इतिवृत्तात गेला. आणि आमच्या पोटनियमाप्रमाणे प्रत्येक सभेचं इतिवृत्त नोटीस बोर्डावर लागायचं, नऊही गावांच्या चावडीवर जायचं.

सोमवारी दूधवाला मला म्हणाला, "ताई, पासवर्डला वाघजाईच ठेवलीत ते बरं केलंत."

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्याच संध्याकाळी त्यांनी पासवर्ड बदलला आणि कोणाला सांगितला नाही. त्यावर अध्यक्ष गोविंदशेठनी त्यांना मेमो दिला, की सभेने एकमताने ठरवलेली देवी तुम्ही कोणाच्या परवानगीने काढली? मोठी हुज्जत झाली. शेवटी तोडगा निघाला तो असा, की पासवर्ड एका माणसाच्या हाती नको, अर्धा साहेबांकडे आणि अर्धा माझ्याकडे. रोज सकाळी ते अर्धा टाईप करायचे तेव्हा मी खिडकीबाहेर बघायची आणि मी टाईप करायची तेव्हा ते.

*

यादीची एक प्रत फ्लॉपीवर काढून तीन ठिकाणी ठेवायची असा साहेबांचा नियम होता. एक ऑफिसच्या कपाटात, एक त्यांच्या घरी, एक भातगिरणीवाले संचालक दामूशेठ यांच्याकडे. साहेब एकदा तपासणीला गिरणीवर गेले, तर दामूशेठनी तांदळाच्या डब्यात हात घातला आणि कडुलिंबाच्या पाल्यातून फ्लॉपी वर काढली. साहेब तिथेच भडकले. हा काय पोरखेळ आहे, म्हणाले.

त्याच पावसाळ्यात कॉम्प्युटरने राम म्हटला. आसनदासशेठ नवा डबा घेऊन आले. ऑफिसची फ्लॉपी काढली, तर आत बुरशी. साहेब घरची घेऊन आले, तिलाही बुरशी. बदलापूरच्या दमटपणाला कुठलं कपाट पुरणार? दोन दिवस एक माणूस खांबावर चढू शकला नाही. तीन गावं अंधारात होती आणि तिथले मालक ऑफिसच्या दारात उभे होते. बाळारामदादाला ते म्हणत होते, "एवढी वर्षं चढतोस, तुला पाठ नाय काय?" तो म्हणायचा, पाठ हाय, पण सबस्टेशनवाल्याला पाठ हाय का ते मना काय म्हायती.

शेवटी मी गिरणीवर गेले. तांदळातली फ्लॉपी पहिल्या फटक्यात चालली.

साहेब हाडाचे प्रामाणिक. त्यांनी दुसऱ्याच दिवशी नियमात भर घातली, "बॅकअपची एक प्रत तांदळात ठेवावी." पुढे सरकारी तपासणीला एक अधिकारी आले. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "तांदूळ कोणता?"

साहेब गंभीरपणे म्हणाले, "जुना. नव्याला ओल असते."

*

आता जे सांगणार आहे ते पंगतीत सांगताना मी सहसा गाळते.

वार्षिक सभेच्या अहवालात छापायला म्हणून गोविंदशेठनी लाईनींची यादी मागवली. त्यांच्या जांभूळटेंभ्याचा नंबर सहावा. ते थेट माझ्या टेबलाशी आले. "बाई, जत्रेत पालखीला पहिला खांदा आमच्या गावाचा. होळीला पहिला नारळ आमचा. आणि तुमच्या मशीनमध्ये आम्ही सहावे?"

मी बुवापाड्यात वाढले. मानाच्या कुठल्याच यादीत आमच्या वस्तीचं नाव कधी नव्हतं, पहिलं नाही आणि शेवटचंही नाही. त्यामुळे पहिला कोण आणि सहावा कोण यावर मोठी माणसं लाल होतात, याची मला आतून गंमतच वाटायची. घ्या तुमचा मान, माझ्या बापाचं काय जातं? मी जांभूळटेंभ्याची ओळ उचलली आणि सगळ्यात वर नेऊन ठेवली. गोविंदशेठ खूश झाले. साहेब त्या दिवशी सकाळी आपला अर्धा पासवर्ड टाकून बाहेरच्या कामाला गेले होते.

नंबर मी टाईप केलेले नव्हते. ते प्रोग्रॅम आपोआप द्यायचा, ओळींच्या क्रमाने. हे मला माहीत नव्हतं. सहा नंबर एक झाला आणि पहिले पाचही एकेक घर खाली सरकले.

तिसऱ्या दिवशी, मे महिन्याच्या दुपारी, कोंडेपाड्याच्या लाईनीवर काम निघालं. कोंडेपाडा पहिल्यापासून तीन नंबर. कॉम्प्युटर म्हणाला चार. मी चिठ्ठी छापली, सबस्टेशनला फोन करून चार नंबर बंद करायला सांगितलं. त्यांनी चार बंद केला. कोंडेपाड्याची तीन नंबर लाईन तशीच चालू राहिली आणि बाळारामदादा शिडी लावून तयार झाला.

त्याची एक सवय होती. शिडीवर पाय ठेवायच्या आधी तो एक साखळी, तिचं एक टोक जमिनीत गाडून, खालूनच तारांवर फेकायचा. तार मेलेली असेल तर काही होत नाही. बाकीचे लाईनमन त्याला हसायचे. चिठ्ठी आलीय ना हातात, मग साखळी कशाला, म्हणायचे. त्या दिवशी त्याने साखळी फेकली आणि असा काही जाळ झाला, की शेजारच्या वाडीतली माणसं बाहेर धावली.

संध्याकाळी चारला तो ऑफिसात आला. साखळी माझ्या टेबलावर ठेवली. दोन कड्या वितळून एकमेकींत गेल्या होत्या.

"ताई, कोंडेपाडा तीन नंबर ना? चार कवा झाला?"

"परवा."

"कोनी केला?"

"मी," मी म्हणाले.

तो स्टुलावर बसला, पाणी मागितलं. अर्धा पेला प्यायला आणि वितळलेल्या कड्यांवरून अंगठा फिरवत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नाही, आधी नाही आणि नंतरही नाही. ज्या मानाला मी हसत होते, त्याच मानापायी मी एका माणसाला मारायला निघाले होते. मी रडायला लागले, तेव्हा उलट त्यानेच पेला माझ्यापुढे केला.

*

साहेबांनी दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी केल्या. आसनदासशेठच्या भाच्याला बोलावून नंबर ओळीपासून वेगळे आणि पक्के करून घेतले. यादी पूर्ववत केली. आणि नियम काढला, की यापुढे यादीत काना-मात्रासुद्धा बदलायची तर आधी वहीत लिहायचं आणि त्याखाली तीन सह्या हव्यात, मॅनेजरची, माझी आणि बाळारामची. चिठ्ठीवरही त्याच तीन सह्या.

बाळारामदादाला सही करायला दोन मिनिटं लागायची. तो आधी चिठ्ठी वाचायचा, मग भिंतीवरच्या नकाशाशी जायचा, परत यायचा, पुन्हा वाचायचा. आम्ही दोघं उभे राहायचो. साहेबांनी त्याला एकदाही घाई केली नाही.

गोविंदशेठना मात्र हे झोंबलं. अध्यक्षाचा शब्द खाली आणि लाईनमनची सही वर, हे कुठल्या सहकारात बसतं? त्यांनी मला तीन लेखी आदेश पाठवले, जांभूळटेंभे वर घ्या म्हणून. तिन्ही वेळा मी त्यांना वही पाठवली.

*

मध्ये एकदा गंमत झाली. गंमत आता वाटते.

एका झाडाची फांदी जांभूळटेंभ्याच्याच लाईनीवर पडली. ऑफिसातली वीज पाच मिनिटं गेली, परत आली, पण कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा पासवर्ड मागायला लागला. माझा अर्धा मी टाकला. दुसरा अर्धा उल्हासनगरला, दातांच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसला होता.

मी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, तोंडात कापूस आहे, बोलता येत नाही. मी म्हटलं, कागदावर लिहून द्यायला सांगा आणि तुम्ही वाचा. जरा वेळाने डॉक्टर परत आले, "ते मानेने नाही म्हणतायत." तत्त्वाचा माणूस! अर्धा पासवर्ड परक्याच्या हातात देणार नाही तो नाहीच. कापूस तसाच तोंडात ठेवून ते रिक्षाने निघाले.

इकडे खांबाखाली गावकरी जमलेले. गोविंदशेठ जीपमधून उतरून म्हणाले, बाळाराम, अरे चढ, सहा नंबर आहे हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. गिरणी थांबलीय, पाण्याचे पंप थांबलेत. दुसरा कोणी असता तर अध्यक्षापुढे विरघळला असता. बाळारामदादा शिडी आडवी टाकून तिच्यावरच बसला.

"शेठ," तो म्हणाला, "साहेबांचा दात पडल्याबिगर मी चढनार नाय."

*

मग गोविंदशेठ आमच्या घरी आले. बुवापाड्याच्या बोळात जीप शिरत नाही, ती नाक्यावर ठेवून चालत आले. वडील तेव्हा कारखान्यात फिटर होते. आईने चहा ठेवला. गोविंदशेठ गोड बोलले, की पोरगी हुशार आहे, तिला पुढे मोठी पोस्ट मिळेल, फक्त जरा हट्ट सोडायला सांगा. नाहीतर मालक सभासद आहेत, सभेत काहीही ठराव होऊ शकतो. माझ्या पगारावर तेव्हा भावाचं डिप्लोम्याचं शिक्षण चाललं होतं. मी आतल्या खोलीत दाराला धरून उभी होते.

वडील म्हणाले, "साहेब, आमच्या खात्यात जो माणूस मशीनच्या पोटात हात घालतो, तो स्विचला स्वतःचं कुलूप लावतो आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवतो. जनरल मॅनेजर आला तरी चावी त्याच्याच खिशात. मी पोरीला काय सांगू?"

गोविंदशेठ अर्धा कप तसाच ठेवून उठले. ते गेल्यावर आई कपाकडे बघत म्हणाली, "साखर कमी पडली वाटतं."

*

सभा भरली गिरणीच्या आवारात, मांडव घालून. नऊ गावांचे मालक झाडून आले होते. विषय सातवा, यादीत बदल करण्याचा आणि चिठ्ठीवर सही करण्याचा अधिकार यापुढे फक्त अध्यक्षांना. गोविंदशेठ छान बोलायचे. संस्था सभासदांची की नोकरांची, त्यांनी विचारलं. तुमचं गाव कितव्या नंबरला हे तुम्ही ठरवणार की पगारी माणसं? टाळ्या पडल्या. कर्णिकसाहेब उठले आणि म्हणाले, या यादीवर माणसाचा जीव आहे. "खाली बसा" असा आवाज आला आणि ते बसले. ठराव मताला टाका, असा ओरडा झाला आणि मांडवभर हात वर गेले. व्यासपीठावर खुद्द गोविंदशेठचाही. मी टेबलाशी मोजायला बसले होते. मोजायचं काही राहिलंच नव्हतं.

तेवढ्यात मागून बाळारामदादा पुढे आला. तोही सभासदच, त्याच्याही घरी मीटर होता. माईक त्याला नको होता.

"हात तसेच वर ठेवा," तो म्हणाला. "उद्या सकाळी आठला कोंडेपाड्याच्या लाईनीवर काम हाय. चिठ्ठी अध्यक्षांच्या सहीची. मी माजी साखळी घरी ठेवून येतो. पयला हात तारेला ज्याचा लागंल, तो या हातांतला पाहिजे. कोन येतो त्यानं नाव सांगा. ताई लिहून घेतील."

मी पेनाचं टोपण काढलं. पुढच्या रांगेतला एक हात डोकं खाजवायला गेला आणि परत वर आला नाही. मग त्याच्या शेजारचा. मग मागचे, गावागावाने. मिनिटभरात सगळा मांडव मांडीवर हात ठेवून बसला होता.

एक हात तेवढा वर राहिला, गोविंदशेठचा. मानी माणूस, चारचौघांत हात खाली घेणं त्यांना जमणारच नव्हतं. त्यांच्या कपाळावरची शीर मला टेबलापासून दिसत होती.

"माझं लिहा, बाई," ते म्हणाले. "आणि हात आधीच मोजून झालेत. ठराव मंजूर."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिठ्ठी छापली. साहेबांनी नवा ठराव पुढ्यात ठेवून ती वाचली आणि सही न करता मला परत दिली. मीही केली नाही. गोविंदशेठनी जीपच्या बॉनेटवर ठेवून एकट्याने लफ्फेदार सही केली. सबस्टेशनला फोनही त्यांनीच लावला. कोंडेपाड्याच्या खांबाखाली जत्रेसारखी माणसं जमली होती. बाळारामदादाने शिडी लावली, दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि बाजूला सरून वाट करून दिली.

गोविंदशेठनी रबरी हातमोजे चढवले. पहिल्या पायरीवर एक पाय ठेवला. वर तारेकडे बघितलं, बराच वेळ. मग पाय तसाच ठेवून खिशातली चिठ्ठी काढली, वाचली, उलटी करून मागची बाजूही बघितली आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"बाई, यावर बाळारामची सही का नाही?"